नव्या इलेक्ट्रिक स्कूटरला हवा जुन्या चेतकचा ‘रिझर्व्ह’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आईला मागे बसवून मी ठाण्याहून पेणकरपाड्याला परत येत होतो. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला लागलो तेव्हा स्कूटरच्या स्क्रीनवर २१ किलोमीटर रेंज दिसत होती. घर दहा-अकरा किलोमीटरवर. म्हणजे टेन्शन नाही.

चढ संपेपर्यंत २१ चे ६ झाले. थोड्या वेळात स्कूटरने स्वतःच वेग कमी केला. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी २५ च्या वर जाईना. मागे कंटेनर हॉर्न मारतोय, पाऊस चालू आहे आणि आई विचारतेय, "काय रे, बंद पडतेय का गाडी?" शेवटी फाउंटन हॉटेलजवळ आईला रिक्षात बसवलं आणि मी कडेकडेने, रखडत घरी पोचलो.

आता माझा मावसभाऊ पहिल्या पगारातून स्कूटर बुक करायला निघालाय. त्याचा प्रश्न असा: "दादा, कोणत्या स्कूटरचा स्क्रीन मोठा आहे?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, स्क्रीन मलाही आवडतो. पण पुढच्या पिढीच्या स्कूटरकडून चालवणाऱ्याला पहिल्यांदा काय हवं असेल, तर खरा आकडा. तो का मिळत नाही आणि कसा मिळू शकतो, ते बघूया.

जाहिरातीतली रेंज येते कुठून?

प्रत्येक स्कूटरची सरकारमान्य संस्थेत चाचणी होते. अशीच एक संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय. स्कूटर रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळा थांबवत चालवतात. या ठरलेल्या पद्धतीला ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’, म्हणजेच आयडीसी म्हणतात. सगळ्या स्कूटरना एकच परीक्षा असल्याने तुलना करायला ही पद्धत चांगली आहे. पण या परीक्षेत काशीमिऱ्याचा ट्रॅफिक नाही, मागे बसलेली आई नाही आणि भाजीची पिशवीही नाही.

फरक किती पडतो? २०२२ च्या एथर ४५०एक्सचं उदाहरण घ्या. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलची प्रमाणित रेंज १४६ किलोमीटर होती. रस्त्यावर मिळणारी रेंज कंपनीने स्वतःच १०५ किलोमीटर सांगितली होती. दोन्ही आकडे सांगितले हे चांगलंच झालं. पण बरेच लोक मोठा आकडा बघून गाडी घेतात आणि छोट्या आकड्यात जगतात.

घरच्या घरी करायचा हिशोब सोपा आहे. शहरात दोन माणसं बसलेली स्कूटर एका किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास वीज खाते असं धरा. बॅटरी ३ किलोवॅट-तासांची, म्हणजे ३००० वॅट-तासांची असेल, तर ३००० भागिले ३०, म्हणजे १०० किलोमीटर. एकटे, हळू चालवत असाल तर याहून जास्त. हायवेवर जोरात जात असाल तर कमी, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४० ऐवजी ६० ने गेलात की तो सव्वादोन पट होतो.

स्क्रीनवरचा आकडा कसा तयार होतो?

पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा फ्लोट असतो. तो वर-खाली होतो तसा काटा हलतो. बॅटरीत असं तरंगणारं काही नाही. तिथे बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट आणि त्यातलं सॉफ्टवेअर, अंदाज बांधतं. त्याच्याकडे मुख्यतः दोन मार्ग असतात:

• जमाखर्चाची वही: बॅटरीत किती करंट आला आणि किती गेला, याची सतत बेरीज-वजाबाकी. अडचण ही, की प्रत्येक नोंदीत थोडी चूक असते आणि ती साठत जाते.

• व्होल्टेज: बॅटरी रिकामी होते तसं व्होल्टेज उतरतं, त्यावरून चार्जचा अंदाज. पण एलएफपी प्रकारच्या बॅटरीत (उष्णता चांगली सोसणारी, जास्त वर्षं टिकणारी, पण वजनाने जड) व्होल्टेज बराच काळ ३.२ च्या आसपास सपाट राहतं. ७० टक्के आणि ४० टक्के यातला फरक त्यावरून नीट कळत नाही.

या दोन्हींतून टक्केवारी ठरते. मग गेल्या काही किलोमीटरमध्ये तुम्ही किती वीज वापरली त्यावरून ‘अजून इतकं जाल’ असा आकडा दाखवला जातो. म्हणजे हा आकडा मोजलेला नाही, तो एक अंदाज आहे.

घाटाने खरंच १५ किलोमीटर खाल्ले का?

नाही. बारावीचं फिजिक्स आठवा. स्कूटर आणि दोघं मिळून २५० किलो, चढ समजा ५० मीटर उंचीचा. २५० × ९.८ × ५० = १,२२,५०० ज्यूल. त्याला ३६०० ने भागलं की ३४ वॅट-तास. मोटरमधला अपव्यय धरून ४५ म्हणा. म्हणजे चढाचा जादा खर्च फक्त दीड किलोमीटरचा!

मग बाकीचे किलोमीटर गेले कुठे? ते आधीपासूनच नव्हते. माझी बॅटरी जुनी होती. बॅटरीत अनेक सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. चढावर मोटर जास्त करंट ओढते, तेव्हा या रोधामुळे व्होल्टेज धाडकन पडतं. सगळ्यात कमजोर सेल धोक्याच्या पातळीला आला की बीएमएस अख्ख्या गाडीची ताकद कमी करतं. ते बरोबरच करतं, नाहीतर सेल कायमचा खराब होईल. चूक ही, की बॅटरी म्हातारी झालीय हे स्क्रीनने मला आधी कधी सांगितलंच नाही. घाटाने फक्त खोटा आकडा उघडा पाडला.

बर्फातही तीच मागणी

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. गुलमर्गला गेलेल्या मंडळींनी बर्फावर धावणारी स्नोमोबिल पाहिली असेल. कॅनडाच्या बीआरपी कंपनीने स्की-डू या ब्रँडची इलेक्ट्रिक स्नोमोबिल आणली, तेव्हा रेंज ५० किलोमीटरपर्यंत सांगितली होती. थंडीत लिथियम बॅटरी कमी ताकद देते आणि शून्याखालच्या तापमानात जोरात चार्ज केली तर कायमची बिघडू शकते. जंगलात, बर्फात, माणूस नसलेल्या जागी आकडा चुकला तर जीवावर बेतू शकतं. म्हणून तिथल्या चालवणाऱ्यालाही आधी खात्री हवी की परत येता येईल, मग टॉप स्पीड. आपल्याकडे थंडीऐवजी उष्णता आहे. उन्हात उभी राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. हवामान उलटं, गरज तीच.

जुन्या चेतककडे काय होतं?

१९७२ पासून रस्त्यावर असलेली बजाज चेतक काही हायटेक नव्हती. सुरू झाली नाही तर तिरकी करून किक मारावी लागायची. पण तिला ‘रिझर्व्ह’ होता. इंजिन आचके द्यायला लागलं की बाबा सीटखालची चावी फिरवायचे आणि निवांत पंपावर जायचे. टाकीत शेवटचं थोडं पेट्रोल राखून ठेवलेलं असायचं आणि ते खरंच असायचं.

जानेवारी २०२० मध्ये चेतक इलेक्ट्रिक रूपात परत आली. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या तिच्या ३५ सिरीजमध्ये ३.५ किलोवॅट-तासांची बॅटरी, १५३ किलोमीटरची सांगितलेली रेंज आणि सीटखाली ३५ लिटर जागा आहे. सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या अशा सुधारतायत. पण त्या ‘रिझर्व्ह’चा भरवसा अजून परत यायचाय.

पुढच्या स्कूटरमध्ये काय हवं?

१. एक नाही, दोन आकडे. ‘२१ किमी’ ऐवजी ‘किमान ९, कमाल २१’. अंदाज आहे तर अंदाजासारखा दाखवा. किमान आकड्यावर भरवसा ठेवता आला की तोच आपला रिझर्व्ह.

२. बॅटरीची तब्येत स्क्रीनवर. नवी असताना १०० टक्के क्षमता होती, आज किती? फोनमध्ये हे दिसतं, मग लाखभराच्या गाडीत का नको? युरोपच्या नव्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे. क्यूआर कोड स्कॅन केला की बॅटरीची माहिती समोर. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला याचा किती उपयोग होईल, विचार करा.

३. वेग कमी करण्याआधी इशारा. ‘दोन मिनिटांत वेग कमी होईल, डाव्या बाजूला या.’ ट्रकच्या पुढे असताना ही एक ओळ स्क्रीनवरच्या कुठल्याही फीचरपेक्षा मोलाची आहे.

४. नेटशिवाय चालणारी गाडी. लॉक-अनलॉकची आज्ञा कंपनीच्या सर्व्हरमार्गे जात असेल तर बेसमेंट पार्किंगमध्ये तुम्ही अडकलात. ब्लूटूथ आणि साधी चावी, दोन्ही हवेत.

५. सगळ्यांना चालणारा चार्जर. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी एका देशी कनेक्टरला मान्यता दिली. तो एथरने विकसित केलाय आणि हिरोच्या विडा स्कूटरही तो वापरतात. सगळ्यांनी वापरला तर प्रश्नच मिटेल.

घेण्याआधी हे तपासा

• आयडीसी रेंजच्या ७० टक्के हीच तुमची रेंज समजा. त्यात रोजचं जाणं-येणं बसून वर २० किलोमीटर उरले पाहिजेत.

• वॉरंटीत फक्त वर्षं बघू नका. क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देणार, हे लेखी विचारा.

• बॅटरी आयपी६७ आहे का? म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी शिरत नाही. २०२२ मधल्या आगींनंतर एआयएस-१५६ हा सुरक्षा नियम कडक झाला. जुनी गाडी घेत असाल तर ती त्याआधीची की नंतरची, ते बघा. आणि आयपी६७ आहे म्हणून मिरा रोडच्या तुंबलेल्या पाण्यात गाडी घालू नका.

• चार्जिंग कुठे करणार? सोसायटीत अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट मिळेल का, हे बुकिंगच्या आधी विचारा. नसेल तर बॅटरी काढून घरात नेता येणारी किंवा स्वॅपिंगची गाडी बघा. होंडाच्या ॲक्टिव्हा ई मध्ये मात्र फक्त स्वॅपिंगच आहे, घरी चार्जिंग नाही. म्हणून स्वॅप स्टेशन घराजवळ असलं पाहिजे.

• टेस्ट राइड दोघांनी बसून, चढावर घ्या. शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर सगळ्याच स्कूटर छान चालतात.

खर्चाचं म्हणाल तर ३ किलोवॅट-तासांची बॅटरी भरायला अपव्यय धरून साधारण साडेतीन युनिट लागतात. युनिट १० रुपये धरलं तरी ३५ रुपये. त्यामुळे पेट्रोलवर परत जायचा माझा विचार नाही. माझी तक्रार विजेबद्दल नाही, आकड्याबद्दल आहे.

मावसभावाला मी एवढंच सांगितलंय: टेस्ट राइडला मावशीला मागे बसव, गायमुखचा चढ चढ, आणि आधीचा-नंतरचा आकडा लिहून ठेव. ज्या स्कूटरचा आकडा सगळ्यात कमी खोटा निघेल, ती घे. स्क्रीन छोटा असला तरी चालेल.