दात काढायचा, पण का?

दात काढायचा म्हटलं की आपण पहिलं विचारतो, 'दुखेल का?' त्याआधी विचारायला हवं, 'का काढायचा?' हा प्रश्न बाजूला पडला तेव्हा काय झालं, त्याची आजची गोष्ट.

१९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण दिलं. सोन्याच्या कॅपखाली सडकी मुळं झाकली जातात आणि तिथला पू शरीरभर रोग पसरवतो, असं त्याचं म्हणणं. यात थोडं तथ्य होतंच. दाताचं इन्फेक्शन पसरू शकतं आणि तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. पण पुढे काट्याचा नायटा झाला. सांधे दुखतात? दात काढा. अशक्तपणा आहे? दात काढा.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन तर म्हणाला, वेडाचं मूळही दातांत आहे. त्याने रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल, मग मोठ्या आतड्याचे भाग. ८५ टक्के रुग्ण बरे होतात, हा त्याचा दावा. आतड्याच्या ऑपरेशनांत कितीतरी जण दगावले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. कोड बदलला आणि बग दिसेनासा झाला, म्हणून तो त्या बदलामुळेच गेला असं होत नाही. १९२२ साली कोपेलॉफ आणि चेनी यांनी न्यूयॉर्कमध्ये रुग्णांचे दोन गट केले. एका गटातले इन्फेक्शन झालेले दात आणि टॉन्सिल काढले, दुसऱ्यातले ठेवले. सुधारणेत फरक पडला नाही. म्हणजे जे बरे झाले, त्यांचा खोकला सुंठीवाचूनही गेला असता!

पुढे डॉ. फिलिस ग्रीनेकर यांनी ट्रेंटनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कॉटनचे दावे टिकले नाहीत. पण त्यांचे वरिष्ठ अडॉल्फ मेयर यांनी अहवाल दाबून ठेवला, आणि दात निघतच राहिले. कॉटन १९३३ साली वारला.

आज दात काढायला ठोस कारण लागतं, आणि ते बहुतेक वेळा त्या दातापाशीच दाखवता येतं. कीड इतकी खोल की कॅप बसवायलाही काही उरलेलं नाही. मूळ उभं चिरलंय. हिरड्यांच्या रोगाने हाड झिजून दात हलतोय. आडवी अक्कलदाढ सारखी सुजतेय. यातलं काही नसेल, तर बऱ्याचदा रूट कॅनालने दात वाचतो.

म्हणून खुर्चीत बसल्यावर बिनधास्त म्हणा, 'डॉक्टर, एक्स-रेमध्ये दाखवा ना. आणि नाही काढला तर काय होईल?' ट्रेंटनच्या रुग्णांना हे विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.

भेटू पुढच्या भागात!