राजवाड्याजवळचे बिऱ्हाड

इंदूर पाहायला आलेला पाहुणा दिवसा राजवाडा पाहतो, रात्री सराफ्यात उभ्याउभ्या पोटभर खातो आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना हमखास विचारतो, "हे सगळे खरे, पण इथे माणसे राहतात कुठे?" प्रश्न गैर नाही. खाली दुकान, दुकानावर पाटी, पाटीवर तारांचे जाळे. त्यातच एक अंधारा जिना आहे आणि तो चढून गेल्यावर वर देवघरात समई तेवत असेल, असे त्याच्या मनातही येत नाही. आमचे घर अशाच एका जिन्याच्या वर आहे. आडा बाजाराच्या आतल्या गल्लीत आमच्या चार पिढ्या गेल्या. मोठ्या शहराच्या ऐन मध्यात राहणे म्हणजे काय, हे मला आधी केवळ सवयीने ठाऊक होते. पुढे या शहराचा इतिहास वाचत गेलो, तसा त्या सवयीला अर्थ येत गेला. बेळगावच्या शहापुरात, बडोद्याच्या मांडवीजवळ किंवा ग्वाल्हेरच्या लष्करात जुने घर धरून बसलेल्या वाचकांना या लेखात आपलाही जिना दिसेल, अशी आशा आहे.

इंदूरचा मध्य काही एका दिवसात ठरला नाही. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठची जुनी इंदूर ही जमीनदारांची वस्ती. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांनी नदीच्या अलीकडे राजवाड्याचा पाया घातला. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. तरीही हे गाव लगेच राजधानी झाले नाही. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चाले. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने, सर्जेराव घाटग्यांच्या हाताखाली, इंदूर लुटले आणि राजवाड्यालाही आग लावली. पुढे १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची मोठी मुलूखगिरी संपली आणि दरबार कायमचा इंदुरात आला. म्हणजे आपल्या सत्तेचा मोठा भाग गेला तेव्हा या गावाचा मध्य भरला! इतिहासाची ही गंमत मला नेहमी विचारात पाडते.

दरबाराबरोबर कारकून, फडणीस, शास्त्री, वैद्य, पागेवरची माणसे आली. ती राजवाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच राहणार. त्यांना धान्य, कापड, भांडी, दागिने लागणार; म्हणून बजाजखाना, बर्तन बाजार, शक्कर बाजार, सराफा ही नावे एकापुढे एक उभी राहिली. १८३२ मध्ये कृष्णाबाई होळकरांनी गोपाळ मंदिर बांधले. माळव्याच्या अफूच्या व्यापाराने सराफ्यातल्या पेढ्यांना बरकत आली. या साऱ्या वस्तीचा नियम एकच होता: ज्याचे काम जिथे, त्याचे बिऱ्हाड तिथे. सोनार पेढीच्या वर झोपे, भांडेवाला भांड्यांच्या ठोक्यात मुलांना वाढवी. आमच्या पणजोबांची कचेरी घरापासून इतकी जवळ होती, की दुपारच्या जेवणाला ते घरी येत, असे आजी सांगे. शहराचा मध्य त्या काळी कुणी 'पाहायला' जात नसे. तिथे लोक राहत, म्हणून तो मध्य होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली आणि गिरण्या निघाल्या. गिरण्या जुन्या गावाबाहेर उभ्या राहिल्या, रेसिडेन्सी आणि छावणी रुळांपलीकडे होती. आतली वस्ती मात्र दाटत गेली. मग प्लेग आला. प्लेगने जुन्या गावाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. हिंदुस्थानातल्या अनेक शहरांत तेव्हा एकच औषध सुचवले जात होते: दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढा. घरे पाडली की हवा खेळेल, हवा खेळली की रोग जाईल. पाडलेल्या घरातली माणसे कुठे जातील, या प्रश्नाला नकाशावर जागा नव्हती.

अशा वेळी इंदूर दरबारच्या बोलावण्यावरून एक दाढीवाला वृद्ध स्कॉटिश गृहस्थ इथे आला. पॅट्रिक गेडिस हे त्याचे नाव. जन्म १८५४ चा. हक्स्लेसारख्या गुरूकडे शिकलेला हा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. स्वतः पदवी मात्र त्याने कधी घेतली नाही. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला, तेव्हा नगररचनेचे त्याचे सारे प्रदर्शन मागून बोटीने येत होते. जर्मनांच्या 'एम्डेन'ने ती बोट बुडवली. त्याने नव्याने नकाशे आणि चित्रे जमवून प्रदर्शन भरवलेच. १९१६ मध्ये बडोद्यासाठी त्याने अहवाल लिहिला. १९१७ हे वर्ष त्याच्यावर फार कठीण गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला आणि काही आठवड्यांतच पत्नी ॲना आजाराने गेली. त्या दुःखातून उठून तो इंदूरच्या गल्ल्यांतून फिरू लागला. त्याचा दोन खंडांचा इंदूर अहवाल १९१८ मध्ये निघाला.

गेडिसला गल्ल्यांचे वावडे का नव्हते, याचे उत्तर त्याच्या तरुणपणात आहे. लग्न झाल्यावर हे जोडपे एडिंबरोच्या जुन्या गावातल्या जेम्स कोर्ट नावाच्या पडक्या चाळवजा वस्तीत मुद्दाम राहायला गेले. सुखवस्तू लोक तिथून केव्हाच नव्या गावात निघून गेले होते. या दोघांनी आधी स्वतःची खोली घासली, भिंतींना पांढरा हात दिला, खिडकीत फुलांच्या पेट्या ठेवल्या. मग शेजारी सामील झाले. सुशिक्षित मंडळी जुन्या गावात परत राहायला यावीत म्हणून पुढे त्याने रॅम्से गार्डन नावाची घरे उभारली. शहराचा मध्य सुधारायचा तर तिथे बिऱ्हाड करावे लागते, हे तो पुस्तकात शिकलेला नव्हता.

इंदुरात त्याने तेच लावून पाहिले. हातात नकाशा घेऊन तो मोहल्ल्यामोहल्ल्यांतून चालला. कोणते घर धड आहे, कोणते पडायला आले आहे, देऊळ कुठे, विहीर कुठे, झाड कुठे, हे सारे त्याने पाहिले. त्याच्या पद्धतीला आपण राखून केलेली शस्त्रक्रिया म्हणू. पडके घर तेवढे काढावे, त्या मोकळ्या जागेत लहानसा चौक करावा, एक झाड लावावे, अरुंद बोळ तिथे थोडा सैल करावा आणि उरलेली वस्ती जागच्या जागी राहू द्यावी. सरळ रस्त्यापेक्षा यात खर्चही कितीतरी कमी. रोग गल्लीच्या वळणात नसतो, हे त्याला दिसले होते.

पण लोकांना हे कसे कळावे? नकाशा घेऊन साहेब गल्लीत आला म्हणजे घरावर संकट, एवढेच लोकांना माहीत. त्याला पाहून बायकामुले मागे सरत. चौकशी केल्यावर त्याला समजले, की हाच तो प्लेग आणणारा साहेब, असे लोक एकमेकांना सांगत आहेत! दुसरा कुणी चिडला असता. गेडिसने दिवाळीची मिरवणूक मागून घेतली. दवंडी पिटवली, की या वर्षीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या भागातली घरे आणि रस्ते सगळ्यांत स्वच्छ असतील, त्या भागातून ती निघेल. झाले! घरोघर झाडलोट सुरू झाली, पडझड दुरुस्त झाली, भिंती रंगल्या, अंगणांतला वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून गावाबाहेर गेला.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, फौज हे नेहमीचे होतेच. त्यांच्यामागे रोगांची सोंगे, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर. त्यानंतर जे आले, ते त्या काळाच्या मानाने मोठे धाडसाचे होते. शहराचे सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, झाडूला फुले बांधून, मानाने मिरवणुकीत चालले. त्यांच्या डोक्याला ज्या रंगाचे पागोटे, त्याच रंगाचे पागोटे शहराच्या प्रमुखांच्या आणि गेडिसच्या डोक्याला. मग लक्ष्मीचा रथ. शेवटी तो राक्षस आणि तो उंदीर दारूकामात जाळले. त्यानंतर गल्लीतून जाताना त्या साहेबाला कुणी टाळले नाही.

हाच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. आपले डॉ. गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. इंदुरात मात्र त्याचे नाव पाठीमागे पडले. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचा गौरव होत आला, तेव्हा भाषणांतून पुष्कळांचे आभार मानले गेले. या शहराने शंभर वर्षांपूर्वी झाडूला फुले बांधली होती, हे मला त्या भाषणांतून ऐकू आले नाही.

आता आजच्या बिऱ्हाडाविषयी. इथे राहण्याचे सुख खोटे नाही. रात्री अकरालाही दूध मिळते, औषधाचे दुकान हाकेवर आहे, आणि एकटी म्हातारी बाई जिन्यात बसली तरी तिला पाच जण विचारून जातात. सराफा दिवसा सोन्याचा असतो, दुकाने मिटली की खवय्यांचा होतो. रात्री वर्दळ राहिली तर पेढ्यांची राखणही होते, म्हणून सराफांनी हे चालू दिले, असे जुने लोक सांगतात. रंगपंचमीची गेर राजवाड्यावरून जाते तेव्हा आमची गच्ची पाहुण्यांनी भरते. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, कामगारांची देणी २०२३ अखेर सुटली. पण गिरणी बंद झाली तरी झांकी निघत राहिली. असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

दुःखही खोटे नाही. नळाचे पाणी दिवसाआड. गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवायची आणि सकाळी ती मिळेल अशी आशा करायची. आजाऱ्याला जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवायचे. मुले म्हणतात, स्कीम नंबर चौपन्नमध्ये जाऊ. आमच्याकडे नव्या वस्त्यांना आधी नंबर मिळतो, नाव मागून येते. वाड्याचे चुलत्यांत हिस्से झाले. ज्याचा हिस्सा विकला गेला, त्याच्या माजघरात आज कापडाचे गठ्ठे आहेत. कापडाला दिवा लागत नाही, पाणी लागत नाही, आणि भाडे मात्र माणसापेक्षा जास्त मिळते. मध्य रिकामा होतो तो असा, गर्दी जराही कमी न होता.

मला हे २०२० च्या टाळेबंदीत लख्ख दिसले. बाजार बंद, गाड्या बंद. रात्री गच्चीवर उभा राहिलो तर चहूकडे काळोख. उजेड असलेल्या खिडक्या बोटांवर मोजता आल्या. दिवसा जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे राहणारे आम्ही इतके थोडे उरलो आहोत, हे गर्दीने आमच्यापासून लपवून ठेवले होते.

१९८४ च्या नोव्हेंबरातल्या दंगलीत राजवाडा पुन्हा जळाला. लाकूड जळाले, दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. पुढे तो मेहनतीने पुन्हा बांधला, आणि २०२५ च्या मे महिन्यात, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त, राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक तिथे भरली. जळालेला वाडा बांधता येतो, त्याला पैसा आणि सुतार लागतो. आजूबाजूची बिऱ्हाडे उठून गेली तर ती कशाने बांधणार? गेल्या काही वर्षांत बडा गणपती ते कृष्णपुऱ्यासारखे रस्ते रुंद झाले. घरांचे पुढचे भाग मालकांनी स्वतःच्या हातांनी उतरवले. रस्ता नको असे मी म्हणणार नाही. रुग्णवाहिका आत यायला हवी, हे आजारी आईचा मुलगा म्हणून मला कळते. पण रुंद रस्त्यावरच्या कापलेल्या घरात खाली मोठे दुकान होते आणि वरचे कुटुंब नंबरच्या वस्तीत जाते, हेही मी पाहतो. गेडिसचा नकाशा घेऊन आज कुणी निघाला, तर त्याने घरांच्या आधी रात्रीचे दिवे मोजावेत. ज्या मजल्यावर बिऱ्हाड आहे त्याला घरपट्टीत सूट, पडक्या जागी चौक आणि झाड, गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांच्या गाड्यांपुरती जागा: एवढे केले तरी पुष्कळ कुटुंबे थांबतील.

आमच्या हिश्श्यालाही गिऱ्हाईक आहे. गठ्ठ्यांसाठीच हवा आहे त्याला. भावांनी निर्णय माझ्यावर सोपवला आणि मी खालची एक खोली भाड्याने देऊन वरचे दोन मजले राखले. पुढच्या पिढीला काय वाटेल ते मी आज ठरवू शकत नाही. या दिवाळीत मात्र वरच्या सगळ्या खिडक्यांत पणत्या लागतील, रिकाम्या खोलीतसुद्धा. आणि पहाटे गल्ली झाडायला येणाऱ्या बाईंना पहिला फराळ आमच्या घरचा जाईल. गेडिस साहेबांची तेवढी रीत आमच्या घराने उचलली आहे.