बिल्ड प्लॅन: मेकफाइलपासून यॅमलपर्यंत

सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुठून घ्यायचा, तो कोणत्या क्रमाने कंपाइल करायचा, कोणत्या चाचण्या चालवायच्या, तयार झालेल्या फाइली कुठे ठेवायच्या आणि बिघाड झाला तर कोणाला कळवायचे, याची यंत्राला वाचता येईल अशी लेखी मांडणी म्हणजे बिल्ड प्लॅन. कंटिन्यूअस इंटिग्रेशन, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सीआय, करणारा सर्व्हर कोडमध्ये बदल झाला की ही मांडणी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवतो. ती कुठे ठेवली जाते आणि तिला हात लावण्याचा हक्क कोणाचा, हे दोन प्रश्न तिच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहेत.

सुरुवातीला ती कुठेच ठेवलेली नसे. मोठ्या प्रणालीचे सुटे भाग जोडण्याची रीत एखाद्या अनुभवी माणसाला तोंडपाठ असे. फार तर त्याने स्वतःपुरती आज्ञांची एक छोटी फाइल लिहून ठेवलेली असे. तो रजेवर गेला की जोडणी थांबे. या परिस्थितीवरचा पहिला टिकाऊ उपाय १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये निघाला. तिथल्या स्टीव्ह जॉन्सनची अख्खी सकाळ एका चुकीचा माग काढण्यात वाया गेली होती. दुरुस्ती त्याने केव्हाच केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायचे राहून गेले होते. त्याचा सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यालाही आदल्या संध्याकाळी असाच फटका बसला होता. त्याने त्या आठवड्याच्या शेवटी ‘मेक’ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे आणि ती कोणत्या आज्ञेने तयार होते, एवढे मेकफाइलमध्ये लिहून ठेवले की बदललेल्या फाइलींपुरतेच काम पुन्हा करण्याची जबाबदारी ‘मेक’ घेई.

मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे मोकळ्या जागा सोडल्या तर चालत नाही. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमनच्या लवकरच लक्षात आले. पण तोवर दहाबारा जण, बहुतेक मित्रच, ‘मेक’ वापरू लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडायला तो धजला नाही. त्या दहाबारा जणांना सांभाळून घेतल्याची किंमत जगभरचे प्रोग्रॅमर आजही मोजत आहेत. बिल्डच्या साधनांत अशा तात्पुरत्या तडजोडी हटकून कायमच्या होऊन बसतात.

‘मेक’मुळे जोडणीची रीत डोक्यातून कागदावर आली, पण ती केव्हा चालवायची हे माणूसच ठरवी. प्रत्येकाने आपापला भाग महिनोन्‌महिने वेगळा लिहायचा आणि शेवटी सगळे एकत्र आणायचे, अशी प्रथा होती. एकत्र आणण्याच्या त्या टप्प्याला किती वेळ लागेल, हे कोणालाच सांगता येत नसे. मायक्रोसॉफ्टमध्ये यावर रोज एक पूर्ण बिल्ड काढण्याची शिस्त बसवली गेली. विंडोज एनटीची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यात सुमारे ५६ लाख ओळींचा कोड ४०,००० फाइलींत विखुरलेला होता. अनेक यंत्रे लावूनही पूर्ण बिल्डला १९ तासांपर्यंत वेळ लागे, तरी तो रोज निघत असे. स्टीव्ह मॅककॉनेलने १९९६ मधल्या एका लेखात या प्रथेचे वर्णन केले आहे. ज्याच्या बदलाने बिल्ड तुटे, त्याला काही ठिकाणी बकऱ्याची शिंगे घालून बसावे लागे, तर काही ठिकाणी पाच डॉलर दंड भरावा लागे. प्रकल्पाच्या अखेरच्या टप्प्यात तर प्रोग्रॅमर पेजर लावून हिंडत, कारण बिल्ड रात्रीही तुटू शके. या काळात बिल्डची मांडणी एका खास गटाच्या ताब्यात होती आणि बाकीच्यांना तिच्याशी देणेघेणे नव्हते.

‘कंटिन्यूअस इंटिग्रेशन’ हा शब्दप्रयोग ग्रेडी बूचच्या १९९० च्या दशकातल्या लेखनात आढळतो. पण दिवसातून अनेकदा जोडणी करायची, हा आग्रह केंट बेकचा. क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर, सी-थ्रीवर, १९९६ पासून त्याने जी कार्यपद्धती घडवली, तिला पुढे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग असे नाव मिळाले आणि १९९९ मध्ये त्याचे पुस्तक आले. या पद्धतीत जोडणीसाठी एक यंत्र राखून ठेवलेले असे. एका वेळी प्रोग्रॅमरांच्या एकाच जोडीने तिथे बसायचे, आपला बदल मिसळायचा, सगळ्या चाचण्या चालवायच्या, आणि एक जरी चाचणी फसली तरी बदल मागे घेऊन उठायचे. इथे बिल्ड प्लॅन म्हणजे जवळजवळ एक सामाजिक करारच होता. पुढे सीआयच्या सॉफ्टवेअरची चलती झाल्यावर, २००६ मध्ये, जेम्स शोअरने याच रीतीचा खट्याळपणे पुरस्कार केला: एक जुना संगणक, एक रबरी कोंबडी आणि एक घंटा एवढे पुरे. कोंबडी ज्याच्या हातात, त्यालाच कोड मिसळण्याचा अधिकार. सॉफ्टवेअर बसवले म्हणजे शिस्त आली असे मानणाऱ्यांना हा टोला होता आणि तो अजूनही लागू पडतो.

तरीही माणसे विसरतात, आणि यंत्राकडे काम सोपवण्याचे कारण तेच होते. नेटस्केप आणि मोझिलामध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस टिंडरबॉक्स नावाचा फलक वापरात होता. वेगवेगळ्या यंत्रांवरचे बिल्ड त्यावर सतत दिसत, चांगला असेल तर हिरवा आणि तुटला असेल तर लाल. पण सीआय सर्व्हर घरोघर पोचवला तो क्रूझकंट्रोलने. थॉटवर्क्समधल्या मंडळींनी एका ग्राहकाच्या कामासाठी लिहिलेले हे साधन २००१ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुले झाले. त्याआधी सप्टेंबर २००० मध्ये मार्टिन फाउलर आणि मॅथ्यू फोमेल यांचा याच विषयावरचा लेख आला होता आणि त्याने जमीन तयार केली होती. क्रूझकंट्रोलचे चक्र सोपे होते. ठरावीक वेळाने जागे व्हायचे, कोडच्या भांडारात नवे काही आले आहे का ते पाहायचे, आले असेल आणि थोडा वेळ शांत गेला असेल, म्हणजे कोणी अर्धवट बदल टाकत नसेल, तर बिल्ड चालवायचा आणि निकाल ई-मेलने कळवायचा. प्रत्यक्ष जोडणी ‘अँट’ करी. जावासाठीचे हे साधन जेम्स डंकन डेव्हिडसनने लिहिले होते आणि २००० मध्ये ते स्वतंत्रपणे उपलब्ध झाले.

क्रूझकंट्रोलसाठी सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये हाताने लिहावी लागे. ती फाइल सर्व्हरवर असे आणि बहुधा एकालाच नीट समजे. तोंडपाठ रीतीचा तो जुना माणूस वेगळ्या वेशात परत आला होता. याच सुमारास बिल्डची अवस्था दाखवण्यासाठी लाल आणि हिरवे लाव्हा लॅम्प ठेवण्याची टूम निघाली. माइक क्लार्कच्या २००४ च्या पुस्तकाने ती पसरवली. दिवा सगळ्यांना दिसे, पण मांडणी मात्र कोणी पाहत नसे.

ही अडचण दूर केली कोहसुके कावागुचीने. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये त्याच्या हातून बिल्ड वारंवार तुटत असे. इतरांच्या आधी आपल्यालाच ते कळावे म्हणून २००४ मध्ये त्याने हडसन हे सीआय सर्व्हरचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एक फाइल उतरवून चालवली की सर्व्हर सुरू. पुढची सगळी मांडणी ब्राउझरमधल्या फॉर्मवर करता येई: कोडचा पत्ता, चालवायची आज्ञा, वेळापत्रक, कळवायचे पत्ते. यशस्वी बिल्डपुढे हिरव्याऐवजी निळा गोळा दिसे, कारण जपानमध्ये पुढे जाण्याचा सिग्नल निळा मानला जातो. पाश्चात्त्य वापरकर्ते त्यावर इतके वैतागले, की गोळा हिरवा करणारे एक प्लगइनच निघाले. ओरॅकलने २०१० मध्ये सन विकत घेतल्यावर नावाच्या मालकीवरून तंटा झाला. जानेवारी २०११ मध्ये समुदायाने २१४ विरुद्ध १४ मतांनी प्रकल्पाचे नाव जेन्किन्स ठेवले आणि बहुतेक सगळे तिकडे गेले.

‘बिल्ड प्लॅन’ हा शब्द आज ज्या नेमक्या अर्थाने वापरला जातो, त्यामागे सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीचे बांबू हे सॉफ्टवेअर आहे. ते २००७ मध्ये बाजारात आले. त्याच्या रचनेत सर्वांत वर प्रकल्प, प्रकल्पात प्लॅन, प्लॅनमध्ये टप्पे, टप्प्यात जॉब आणि जॉबमध्ये टास्क. ही उतरंड दिसायला कार्यालयीन वाटते, पण तिच्यातली प्रत्येक पायरी एकेका प्रश्नाचे उत्तर आहे. एका जॉबमधली टास्क एकामागून एक, एकाच यंत्रावर आणि एकाच फोल्डरमध्ये चालतात: आधी कोड उतरवणे, मग कंपाइल करणे, मग चाचण्या. एका टप्प्यातले जॉब मात्र वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी चालू शकतात. टप्पे क्रमाने येतात आणि आधीच्या टप्प्यातला एक जरी जॉब फसला तरी पुढचा टप्पा सुरूच होत नाही. म्हणून झटपट चाचण्या पहिल्या टप्प्यात आणि तासभर चालणाऱ्या चाचण्या नंतर, अशी विभागणी करतात. पहिल्याच पाच मिनिटांत कळू शकणाऱ्या चुकीसाठी तासभर ताटकळण्यात अर्थ नसतो.

जॉब ज्या यंत्रावर चालतो त्याला एजंट म्हणतात. एजंटवर जावाची कोणती आवृत्ती आहे, कोणते साधन बसवलेले आहे, याची नोंद असते. जॉबला काय लागते याचीही नोंद असते आणि दोन्ही जुळले तरच काम त्या एजंटकडे जाते. नवशिक्याने प्लॅन बनवला आणि बिल्ड रांगेतच अडकून पडला, तर बहुतेक वेळा ही जुळणी चुकलेली असते. जॉब संपल्यावर फोल्डर पुसले जाऊ शकते. त्यामुळे पुढच्या टप्प्याला लागणारी तयार फाइल ‘आर्टिफॅक्ट’ म्हणून जाहीर करून बाजूला ठेवावी लागते. पहिल्या टप्प्यात एकदा तयार झालेली फाइलच पुढे सगळीकडे वापरायची, पुन्हा कंपाइल करायची नाही. जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांच्या २०१० च्या ‘कंटिन्यूअस डिलिव्हरी’ या पुस्तकाने हा नियम पक्का केला. जी फाइल तपासली तीच ग्राहकाकडे गेली पाहिजे, नाहीतर तपासणीला काय अर्थ?

प्लॅन केव्हा चालवायचा हे ट्रिगर ठरवतो. सर्व्हरने ठरावीक वेळाने भांडाराकडे विचारणा करावी, भांडारानेच सर्व्हरला हाक द्यावी, किंवा रात्रीची वेळ नेमून द्यावी, असे तीन मार्ग रूढ आहेत. दोन देशांत विभागलेल्या चमूंसाठी ही निवड महत्त्वाची ठरते: पुण्यात संध्याकाळी तुटलेल्या बिल्डची खबर केवळ रात्रीच्या बिल्डमधून मिळणार असेल, तर अमेरिकेतल्या सहकाऱ्यांचा दिवस त्यात जातो.

फॉर्मवर केलेल्या मांडणीने काम सर्वांच्या आवाक्यात आणले, पण तिचा दोष हळूहळू उघड झाला. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद राही, प्लॅनमध्ये कोणी कधी कोणती खूण काढली याची मात्र धड राहत नसे. दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती पुन्हा काढायची म्हटले तर जुना कोड मिळे, पण तेव्हाचा प्लॅन हाती नसे. सर्व्हरची डिस्क गेली की कित्येक वर्षांचे शहाणपण तिच्याबरोबर जाई. बर्लिनमध्ये २०११ मध्ये सुरू झालेल्या ट्रॅव्हिस सीआयने मांडणी यॅमल या साध्या मजकुराच्या स्वरूपात, कोडच्याच शेजारी ठेवायला लावली. जेन्किन्सने एप्रिल २०१६ च्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत अशीच कोडशेजारी राहणारी जेन्किन्सफाइल पुढे आणली, बांबूने २०१७ मध्ये त्याच धर्तीवर स्पेक्स आणले आणि गिटहबची अ‍ॅक्शन्स ही सेवा २०१९ अखेर सर्वांना खुली झाली. दरम्यान २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे एजंटवर काय बसवलेले आहे हेही मजकुरातच लिहिता येऊ लागले. यॅमलमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागांना अर्थ असतो आणि तिथे टॅब चालत नाही. फेल्डमनच्या नियमाच्या अगदी उलट, पण त्रास तोच.

मांडणी कोडशेजारी आली तसा ती बदलण्याचा हक्कही कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे आला. याचा दुसरा अर्थ असा, की अनोळखी माणसाने सुचवलेल्या बदलातूनही सर्व्हरवर काय चालावे हे ठरू लागले. फुकट मिळणाऱ्या यंत्रांवर क्रिप्टोचलन काढणाऱ्यांनी हे हेरले. एप्रिल २०२१ पासून गिटहबवर प्रथमच योगदान देणाऱ्याचा बिल्ड प्रकल्पचालकाने मंजुरी दिल्याशिवाय चालेनासा झाला.

त्याआधीच, डिसेंबर २०२० मध्ये, सोलरविंड्सचे प्रकरण बाहेर आले होते. हल्लेखोरांनी या कंपनीच्या कोड भांडाराला हात लावला नव्हता. त्यांनी बिल्डच्या यंत्रावर सनस्पॉट नावाचा प्रोग्रॅम पेरला होता. ओरायन या उत्पादनाचे कंपायलिंग सुरू झाले की तो एक मूळ फाइल गुपचूप बदली आणि काम संपताच पूर्ववत करून ठेवी. कोड वाचणाऱ्याला काही दिसत नव्हते, चाचण्या उत्तीर्ण होत होत्या आणि तयार फाइलवर कंपनीची खरी डिजिटल सही होती. कंपनीच्या अंदाजानुसार बाधित आवृत्ती १८,००० पर्यंत ग्राहकांकडे पोचली होती.

अमेरिकेच्या अध्यक्षांनी १२ मे २०२१ रोजी काढलेल्या सायबरसुरक्षेच्या आदेशात बिल्डचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचे बिल्डचे वातावरण प्रशासकीयदृष्ट्या वेगळे असावे आणि त्यातला प्रवेश तपासता यावा, अशी अपेक्षा त्यात मांडली आहे. त्यानंतर अनेक कंपन्यांत प्लॅनची फाइल कोडशेजारीच राहिली, पण तिच्यातल्या बदलाला दुसऱ्या माणसाची मंजुरी सक्तीची झाली आणि सही करण्याच्या किल्ल्या प्लॅनपासून दूर, वेगळ्या यंत्रणेत ठेवल्या जाऊ लागल्या.