बाजार पडला की एसआयपी बंद करायची का? टेंभुर्णीच्या घरखर्चातून समजून घ्या

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सेन्सेक्स ८५ हजारांच्या वर होता. एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला तो ७३ हजारांच्या आसपास आला. मध्ये जानेवारी २०२५ मध्ये देशात जेवढ्या नव्या एसआयपी सुरू झाल्या, त्याहून जास्त बंद पडल्या किंवा मुदत संपून थांबल्या. म्हातारपणासाठी २० वर्षांचा बेत आखलेली माणसं सहा महिन्यांत का डगमगतात?

भीती हे एक कारण. दुसरं कारण बाजारात नसतं, घरात असतं.

पैसा येतो कधी?

सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत एमआयडीसी आहे आणि आजूबाजूला उजनीच्या पाण्यावरचा ऊस. कामगाराचा पगार महिन्याला होतो. आडसाली ऊस मात्र तोडीला यायला साधारण १६ ते १८ महिने घेतो. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी मिळावी असा नियम आहे, तरी थकलेल्या बिलांच्या बातम्या येतच राहतात.

बिल लांबलं आणि त्यातच दवाखाना निघाला, की हात आधी एसआयपीच्या पैशाकडे जातो. तेव्हाच बाजार पडलेला असेल, तर कागदावरचा तोटा खराखुरा होतो.

मग आधी काय करायचं?

उजनी मायनसमध्ये गेलं तरी तळाशी ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा असतो. टंचाईत त्यावरच निभावतं. घरातही असा साठा हवा: पगारदाराने सहा महिन्यांचा खर्च, शेतकऱ्याने एका बिलापासून दुसऱ्या बिलापर्यंतचा. तो एफडी किंवा बचत खात्यात ठेवा. सोबत आरोग्य विमा हवाच.

दरमहा हप्ता जमत नसेल, तर बिलाची रक्कम लिक्विड फंडात ठेवून तिथून थोडी थोडी इक्विटी फंडात वळवता येते. याला एसटीपी म्हणतात.

पडत्या बाजारात एसआयपीचं काय होतं?

युनिटचा भाव १०० रुपये असताना ५,००० रुपयांत ५० युनिट मिळतात. भाव ८० झाला की तेवढ्याच पैशात ६२.५. म्हणजे बाजार पडल्यावर हप्ता थांबवणं म्हणजे स्वस्तातली खरेदी सोडणं.

वेळेचाही हिशेब बघा. वर्षाला सरासरी १० टक्के परतावा धरला (याची हमी नसते), तर दरमहा ५,००० रुपयांचे १५ वर्षांत सुमारे २१ लाख होतात आणि २० वर्षांत सुमारे ३८ लाख. शेवटची पाच वर्षंच सर्वांत जड असतात.

बाजार सावरतोच का?

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांपर्यंत गेला होता. मार्च २००९ मध्ये तो ८,१६० वर आला आणि पुन्हा २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. २३ मार्च २०२० ला एका दिवसात तो १३ टक्के पडला, पण जानेवारी २०२१ मध्ये ५० हजारांवर होता.

मात्र हे निर्देशांकाचं झालं. एकट्या कंपनीचा शेअर कधीच न सावरण्याची शक्यता असते. शिवाय २००८ मध्येच निवृत्त होणाऱ्याला दोन-तीन वर्षं थांबायला सवड नव्हती. म्हणून पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा इक्विटीत ठेवू नका. निवृत्ती जवळ आली की थोडा थोडा पैसा सुरक्षित ठिकाणी हलवा.

बेत बदलायचा कधी?

नोकरी गेली, आजारपण आलं, निवृत्तीचं वय बदललं किंवा फंड वर्षानुवर्षं आपल्या निर्देशांकाच्या मागे पडला, तर जरूर बदला. फक्त सेन्सेक्स लाल दिसतोय म्हणून नको.

चढउतार सोसवतच नसतील तर पीपीएफ आहे. १८ ते ४० वयाच्या आणि आयकर न भरणाऱ्यांसाठी अटल पेन्शन योजना आहे. त्यात ६० नंतर महिना १,००० ते ५,००० रुपये पेन्शन मिळते.

थोडक्यात, बाजार कधी पडेल हे आपल्या हातात नाही. तो पडलेला असताना पैसे काढायची वेळ येऊ नये, एवढी तजवीज आधी करता येते.