खलाशी : समुद्र नसलेल्या मुलखातील एक शब्द

वऱ्हाडाला समुद्र नाही. अमरावती-अकोल्याकडचा माणूस मुंबईला गेल्यावरच समुद्र पाहतो. तरीही ‘खलाशी’ हा शब्द इथल्या रेल्वे-वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या बोलण्यात होता. तो होडीवरच्या माणसासाठी नव्हता, तर इंजिनाची साफसफाई करणाऱ्या, फिटरच्या हाताखाली राबणाऱ्या कामगारासाठी होता. भारतीय रेल्वेत ‘खलाशी’ हे अधिकृत पदनामच होते. गलबतावरचा हा माणूस कोरड्या मुलखातल्या इंजिनापाशी कसा आला, हा प्रश्न भाषेचा आहे तेवढाच इतिहासाचाही आहे.

‘खलाशी’चा संबंध अरबी ‘खलास’शी जोडला जातो. तिथे त्याचा अर्थ सुटका असा आहे. आपण मात्र ‘खलास’ हा शब्द संपणे या अर्थी वापरतो. 1886 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या शब्दाचे अर्थ तंबू ठोकणारा, मोजणीदाराची साखळी धरणारा आणि देशी नाविक असे आहेत. या तिघांत समान काय? तिघेही दोर, खुंट्या आणि अवजड साहित्य हाताळतात, आणि तिघेही दुसऱ्याच्या हुकमाने राबतात. म्हणजे हा शब्द समुद्राचा कमी आणि श्रमाचा अधिक आहे. रेल्वेने तो उचलला यात म्हणूनच नवल नाही.

वऱ्हाडातील या श्रमाचा इतिहास कापसापासून सुरू होतो. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1867 पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला होता. मुख्य मार्गापासून दूर असलेल्या तालुक्यांचा कापूस त्या मार्गावर आणण्यासाठी पुढे मूर्तिजापूर हे केंद्र धरून दोन अरुंद फाटे निघाले. एक यवतमाळकडे, सुमारे 113 किलोमीटरचा, आणि दुसरा अचलपूरकडे, सुमारे 76 किलोमीटरचा. दोन रुळांमधले अंतर अवघे 762 मिलिमीटर. हीच आपली ‘शकुंतला’. मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा होता आणि त्यामागे मुंबईची किलिक निक्सन ही पेढी होती. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग खासगी मालकीचाच राहिला. आपल्या लिखाणात शकुंतला येते ती बहुतेक वेळा या मालकीच्या नवलापुरती.

आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते इंजिन. झेडी वर्गाचे हे वाफेचे इंजिन 1921 साली मँचेस्टरला तयार झाले, 1923 साली या मार्गावर आले आणि 15 एप्रिल 1994 रोजी डिझेल इंजिनाला जागा देऊन निवृत्त झाले. सत्तर वर्षांहून अधिक! ज्या शहराकडे इथला कापूस जाई, त्याच शहरातून ते आले होते. लोखंड मँचेस्टरचे होते हे खरे. पण सत्तर वर्षे ते टिकले ते कोणामुळे?

वाफेच्या इंजिनाची निगा म्हणजे काय, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा समजून घ्यावे. फेरी संपली की भट्टीतील निखारे आणि चिकटलेले कीट खाली पाडायचे, धूरपेटीतील राख उपसायची, काजळीने चोंदलेल्या नळ्यांतून लांब सळया घालून त्या मोकळ्या करायच्या. ठरावीक दिवसांनी बॉयलर सावकाश निववून, त्याची झाकणे उघडून आत पाण्याचा जोरदार फवारा मारायचा आणि साचलेला क्षार खरवडून काढायचा. घाई केली तर पत्रे ताणले जाऊन गळती लागते. क्षार राहू दिला तर तो उष्णता अडवतो. कोळसा जास्त जळतो आणि पत्रा तापून कमकुवत होतो. पाणी खूप कमी झाले तर भट्टीच्या छतातील शिशाची गुडदी वितळते आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते.

पाणी हेच बॉयलरचे अन्न आणि पाणी हाच त्याचा वैरी. अचलपूरचा फाटा दर्यापूरवरून, म्हणजे पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातून जाई. जहाजाच्या इंजिनखोलीत मीठ लोखंड खाते. समुद्र नसलेल्या या मुलखातही भूगर्भात मीठ आहेच. खलाशी शब्दाला इथे आपले जुने खारे पाणी पुन्हा भेटले, असे म्हटले तर ते केवळ काव्य ठरू नये.

मग शेवटी तेल, आणि सुताच्या गुंत्याने पुसणे. ज्या कापसासाठी ही गाडी आली, त्याच्याच टाकाऊ सुताने तिचे अंग पुसले जाई. गाठी परदेशी गेल्या, गुंता खलाशाच्या हातात राहिला.

इतिहास बांधणाऱ्याची नोंद ठेवतो, मालकाची ठेवतो, क्वचित चालवणाऱ्याचीही ठेवतो. राखणाऱ्याची ठेवत नाही. बांधण्याला तारीख असते, निगेला नसते. ती रोज होते आणि नीट झाली तर दिसतच नाही. शकुंतलेच्या इंजिनाचे साल आणि शहर आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी सत्तर वर्षे त्याच्या नळ्या साफ केल्या, त्यांच्यातील एकाचेही नाव आपल्या वाचनात येत नाही. मराठी साहित्याने शेतकऱ्याचे आणि गिरणी कामगाराचे जग मांडले. खलाशाच्या काजळीपर्यंत ते क्वचितच पोहोचले.

आता त्या रुळांवरून गाडी धावत नाही. मार्ग रुंद करण्याच्या घोषणा झाल्या आणि गाडी पुन्हा सुरू करण्याच्या मागण्याही झाल्या. कालिदासाच्या शकुंतलेला ओळख पटवण्यासाठी एक अंगठी होती, आणि ती एका कोळ्याला सापडली. आपल्या शकुंतलेची खूण कदाचित ‘खलाशी’ या एका शब्दात उरली असेल. तो ज्यांच्या तोंडी आहे, ती निवृत्त माणसे मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूरच्या घरांत अजून भेटू शकतील. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी ग्रंथालयात जावेच. पण एखादी दुपार त्या ओट्यांवरही काढावी. शब्द खलास होण्यापूर्वी.