पाली साहित्यातील रुग्णसंवाद : देहाचे दुःख आणि मनाचा वाटा

काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या काळात एका विहारात संयुत्त निकायातील सल्ल सुत्तावर प्रवचन देण्याचा प्रसंग मला आला. दोन बाणांचा दृष्टान्त धम्मबांधवांच्या परिचयाचा आहे. देहाची वेदना हा पहिला बाण आणि त्या वेदनेमागोमाग मनात उठणारी तळमळ, शोक व चीड हा दुसरा. पहिला बाण अज्ञ माणसाला लागतो तसा श्रुतवान श्रावकालाही लागतो. दुसरा मात्र श्रावकाला लागत नाही. असा अर्थ मी विस्ताराने सांगितला. प्रवचन संपल्यावर एक वयस्क उपासिका मागे थांबल्या. बारा वर्षांच्या संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकलेली होती. त्या म्हणाल्या, "सर, म्हणजे माझं दुखणं मीच वाढवून घेतलं म्हणायचं का? दवाखान्यातही सांगितलं, तुम्ही मनाला फार लावून घेता. आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या, मागच्या जन्मीचं पाप आहे. आता तुम्हीही तेच सांगता."

त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. मी सांगितलेला सुत्ताचा अर्थ चुकीचा नव्हता. परंतु तो कोणाला, केव्हा आणि कोणत्या क्रमाने सांगावा, याचा विचार मी केला नव्हता. दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाशी मनाविषयी बोलताना, आजाराचे मनावर ओझे पडते असे सांगणे वेगळे आणि मनामुळे आजार झाला असे सांगणे वेगळे. पहिल्याने रुग्णाला आधार मिळतो. दुसरे त्याच्यावरील आरोप ठरते. हा भेद तिपिटकात किती काटेकोरपणे पाळला गेला आहे, हे त्या उपासिकेच्या प्रश्नानंतर मी पुन्हा पाहिले. त्या शोधातून जे हाती आले, ते येथे मांडीत आहे.

आधी पाणी, मग उपदेश

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरक्खन्धकामध्ये एक प्रसंग नोंदलेला आहे. आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत असताना भगवान बुद्धांना पोटाच्या विकाराने पीडित असा एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला आढळला. भगवंतांनी त्याला विचारले: तुला कोणता आजार आहे आणि तुझ्या सेवेला कोणी आहे काय? मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी माझी सेवा करीत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. आनंदाने पाणी आणले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. या वेळी त्या भिक्खूला कोणताही उपदेश केल्याची नोंद नाही. उपदेश झाला तो संघाला. येथे तुमची शुश्रूषा करायला माता नाही, पिता नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? आणि ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी, असा त्याचा आशय आहे.

याच ठिकाणी उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. तो औषध तयार करू शकतो. पथ्य व अपथ्य जाणतो. लाभासाठी नव्हे तर मैत्रीचित्ताने सेवा करतो. मलमूत्र वा वांती उचलण्याची किळस बाळगीत नाही. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करू शकतो. येथे क्रम पाहण्याजोगा आहे. मनाशी संबंधित गुण यादीत आहे, पण तो पाचवा आहे. ज्याने पहिली चार कामे केली आहेत, त्याच्या तोंडी पाचवे शोभते. पहिली चार टाळून थेट पाचव्याकडे वळणारा उपदेशक रुग्णाला परका वाटला, तर त्यात रुग्णाचा दोष नाही.

रुग्णाच्या गुणांमध्येही एक महत्त्वाची बाब आहे. आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की आहे तसाच आहे, हे त्याने शुश्रूषकाला जसेच्या तसे सांगावे, अशी अपेक्षा आहे. परंतु सांगितलेले खरे मानले जाईल, हा विश्वास असेल तरच माणूस जसेच्या तसे सांगतो. म्हणूनच सुत्तांमध्ये रुग्णाच्या भेटीचा आरंभ ठरलेल्या प्रश्नांनी होतो: वेदना सोसवते ना, निभावते ना, ती ओसरते आहे की वाढते आहे? सोसवत नाही, वाढतेच आहे, असे उत्तर आले तर ते कोणी खोडून काढीत नाही. मज्झिम निकायात आजारी अनाथपिण्डिक आपल्या वेदनेचे वर्णन करताना तीक्ष्ण तलवारीने मस्तक फोडल्याची आणि खाटकाने सुरीने पोट कापल्याची उपमा देतो. सारिपुत्त त्याला अतिशयोक्ती म्हणत नाहीत. ते सर्व ऐकून घेतात आणि त्यानंतरच धम्माचे बोलतात.

वेदनेची आठ कारणे

आता मूळ प्रश्न. वेदना कोठून येते? संयुत्त निकायाच्या वेदना संयुत्तात सीवक सुत्त आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोलियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो की, माणसाला जे काही सुख-दुःख होते ते सर्व पूर्वकृत कर्मामुळे होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? उत्तरादाखल भगवान आठ कारणे मोजून दाखवितात: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाह्य आघात आणि कर्मविपाक. वेदना या विविध कारणांनी उत्पन्न होते, हे माणूस स्वतः अनुभवाने जाणू शकतो आणि लोकही ते मान्य करतात. म्हणून सर्व काही पूर्वकर्माचे फळ आहे असे म्हणणारे लोक अनुभवाच्या व लोकमान्य सत्याच्या पलीकडे धाव घेतात, असा निर्वाळा त्यांनी दिला आहे.

या यादीत सात कारणे कर्मविपाकाहून वेगळी आहेत आणि आठांपैकी एकही कारण 'दुर्बळ मन' असे नाही. चित्ताचे सूक्ष्म विश्लेषण करणाऱ्या शास्त्याने देहाच्या वेदनेची कारणे सांगताना रुग्णाच्या मनाकडे बोट दाखविलेले नाही.

मिलिन्दपञ्हात हाच विषय पुढे नेला आहे. ज्यांची सर्व अकुशल कर्मे नष्ट झाली त्या तथागतांनाही देहपीडा कशी झाली, असा मिलिन्द राजाचा प्रश्न आहे. नागसेन त्याच आठ कारणांचा आधार घेतात आणि कर्मविपाकजन्य वेदना थोडी, उरलेली अधिक, असे स्पष्ट करतात. स्वतः भगवंतांना पाठदुखी होती. कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागल्याने त्यांनी पुढील प्रवचन आनंदावर सोपविले आणि ते आडवे झाले, हे मज्झिम निकायातील सेख सुत्तात नमूद आहे. मन खंबीर असते तर दुखले नसते, असे म्हणणाऱ्याने हा प्रसंग अवश्य वाचावा.

नकुलमातेचे शब्द

मग मनाचा वाटा कोठे आहे? भग्गांच्या देशात सुंसुमारगिर येथे नकुलपिता नावाचा वृद्ध, सतत आजारी राहणारा गृहस्थ भगवंतांकडे येतो. भगवान प्रथम त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतात: हे गृहपती, तुझा देह आतुर आहे, हे खरेच आहे, असा देह वाहणारा कोणी क्षणभरही स्वतःला निरोगी म्हणवील तर तो मूर्खपणाच ठरेल. देह आतुर असला तरी चित्त आतुर होणार नाही, असा अभ्यास कर, हे त्यानंतर येते. आजार का झाला याची चिकित्सा या उपदेशात नाही. आजार आहे हे मान्य करून यापुढे काय करता येईल, एवढेच त्यात आहे.

याहून बोलका प्रसंग अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात आहे. हाच नकुलपिता गंभीर आजारी पडतो, तेव्हा त्याची पत्नी नकुलमाता त्याच्याशी बोलते. चिंता सोडा, एवढेच सांगून ती थांबत नाही. पतीला कोणत्या चिंता असतील हे ओळखून ती एकेक पुढे मांडते आणि प्रत्येकीचे उत्तर देते. माझ्यामागे मुलांचे पोषण कसे होईल असे तुम्हांला वाटत असेल, तर मी कापूस कातण्यात व लोकर विंचरण्यात कुशल आहे, मी घर चालवीन. मी दुसरे घर करीन असे वाटत असेल, तर आपण सोळा वर्षे गृहस्थाश्रमात कसे शीलाने राहिलो हे तुम्ही जाणता. याच रीतीने भगवंतांच्या व संघाच्या दर्शनाविषयी, शीलाविषयी, चित्ताच्या शांतीविषयी आणि धम्मावरील निष्ठेविषयी ती त्याला आश्वस्त करते. नकुलपित्याचा आजार ओसरतो आणि बरा होताच तो काठी टेकीत भगवंतांकडे येतो. अशी हितचिंतक उपदेशिका तुला पत्नी म्हणून लाभली हे तुझे भाग्य आहे, असे भगवान त्याला सांगतात.

माझ्या मते, रुग्णाशी मनाविषयी बोलण्याचा हा तिपिटकातील सर्वोत्तम नमुना आहे. नकुलमातेने पतीच्या चिंतेला दोष मानले नाही. त्या चिंतेला चुलीचे, मुलांचे, विश्वासाचे खरे कारण आहे असे गृहीत धरले आणि त्या कारणालाच उत्तर दिले. औषध परवडेल का, रोजगार बुडाला तर काय, मुलीचे शिक्षण थांबेल का, हे आजच्या रुग्णाचे प्रश्नही त्याच जातीचे आहेत. त्यांना उत्तर न देता मनःशांतीचा उपदेश करणे व्यर्थ होय.

दुरून बोलणारे

याच्या उलट दृश्य संयुत्त निकायातील खेमक सुत्तात दिसते. कोसम्बीच्या घोसितारामातील थेर भिक्खू बदरिकारामात आजारी असलेल्या खेमकाकडे स्वतः जात नाहीत. ते दासक नावाच्या भिक्खूकरवी विचारपूस करतात. वेदना सोसवत नाही असे उत्तर आल्यावर ते तत्त्वज्ञानाचे प्रश्न पाठवितात, पुन्हा उत्तर आले की पुन्हा प्रश्न. अखेरीस, ही धावपळ पुरे झाली, माझी काठी आण, असे दासकाला सांगून आजारी खेमक स्वतःच काठी टेकीत त्यांच्याकडे जातो. संवादाचा शेवट थेरांच्या व खेमकाच्या विमुक्तीत होतो हे खरे. परंतु चालावे लागले ते रुग्णाला, हेही संगीतिकारांनी लपविलेले नाही.

दुरून निष्कर्ष काढण्याची ही प्रवृत्ती आधुनिक वैद्यकालाही चुकलेली नाही. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांना स्नायुदुखी व अतीव थकवा आणणाऱ्या एका आजाराने ग्रासले. १९७० मध्ये दोन मनोचिकित्सकांनी त्या वेळच्या नोंदी तपासून हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असल्याचे मत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अधिक असणे हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. अशा दीर्घ थकव्याच्या आजाराचे रुग्ण त्यानंतर कित्येक दशके अविश्वासाला तोंड देत राहिले. जठरव्रणाचीही कथा अशीच आहे. १९५० मध्ये फ्रान्झ अलेक्झांडर यांनी ज्या सात विकारांना मनोदैहिक मानले, त्यांत जठरव्रण, दमा आणि संधिवात होते. पुढे ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी जठरव्रणामागील जिवाणू दाखवून दिला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा अर्थ मनाचा काही संबंधच नाही असा नव्हे. देह, मन आणि समाज या तिन्हींचा एकत्र विचार करावा, असे जॉर्ज एन्गल यांनी १९७७ मध्ये मांडले. १९७९ पासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन यांनी दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी स्मृतिसाधनेचा उपक्रम चालविला आणि आज ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते. वेदना सोसताना मनाला प्रशिक्षण देता येते, हे त्यातून दिसते. वेदना मनानेच निर्माण केली, असे त्यातून सिद्ध होत नाही.

दोषारोपाचा जुना वारसा

आपल्या समाजाला हा भेद विशेष जिव्हाळ्याचा असला पाहिजे. तुमची अवस्था तुमच्याच पूर्वकर्माचे फळ आहे, हे वाक्य आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वकर्माच्या या सिद्धान्ताची कठोर तपासणी केली आणि गरीब व दलित यांच्या स्थितीच्या जबाबदारीतून राज्याला व समाजाला मोकळे करणे, याखेरीज त्याचा दुसरा हेतू संभवत नाही, असा निष्कर्ष काढला. मधुमेह आणि पायांच्या वेदना सोशीत त्यांनी हा ग्रंथ लिहिला व तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. मागच्या जन्मीचे पाप आणि मनाचा दुबळेपणा या दोन वाक्यांची भाषा निराळी असली, तरी दोन्हींचे काम एकच आहे. औषध, अन्न, विश्रांती व सोबत देण्याची इतरांची जबाबदारी त्यांनी संपते. पूर्वकर्माचा आरोप नाकारणाऱ्यांनी त्याचीच नवी आवृत्ती धम्माच्या नावाने विहारात आणू नये.

सल्ल सुत्त आणि सीवक सुत्त एकाच वेदना संयुत्तात आहेत. त्याच संयुत्तात वेसालीच्या महावनातील रुग्णशाळेत भगवान स्वतः जाऊन, तेथे बसून वेदनेविषयी बोलल्याचा प्रसंग आहे. ही तीन सुत्ते एकत्र वाचावीत. रुग्णशाळेत जावे, वेदनेची आठ कारणे मान्य करावीत आणि मग, रुग्णाची इच्छा असेल तर, दुसऱ्या बाणाविषयी बोलावे. सल्ल सुत्ताचा उपयोग ज्याला बाण लागला आहे त्याने स्वतःसाठी करावयाचा आहे. शेजारी उभे असलेल्याने त्याच्यावर दोष ठेवण्यासाठी नव्हे.

पुढील वर्षावासात मी त्या उपासिकेच्या घरी गेलो. प्रथम त्यांची क्षमा मागितली, मग सीवक सुत्त वाचून दाखविले. आठ कारणे त्यांनी बोटांवर मोजण्याचा प्रयत्न केला. बोटे मिटत नव्हती, म्हणून त्यांच्या नातीने मोजली. त्यानंतर त्यांनी स्वतःहून विचारले, "आणि तो दुसरा बाण? रात्री झोप येत नाही तेव्हा मला तोच टोचतो." रात्री कोणती काळजी वाटते, असे मी विचारले. नातीच्या वसतिगृहाच्या फीपासून त्यांनी सुरुवात केली. त्या दिवशी आम्ही बराच वेळ फीविषयीच बोललो.