तापीकाठची बोली आणि शाहिराचा आवाज

सुरतेस येऊन ज्यांच्या काही पिढ्या लोटल्या, त्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांची मराठी पुस्तकी कधीच नव्हती. कोणाच्या बोलण्यात खानदेशी हेल, कोणाच्या बोलण्यात साताऱ्याचा ठसका, आणि बाजारातून आलेली गुजराती सर्वांच्याच तोंडी. अशा बोली ध्वनिमुद्रणात कितपत उतरल्या, याचा विचार करता आम्हांस दोन वाटा दिसतात.

पहिली वाट अभ्यासकांची. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली निघाला. खानदेशीस मात्र १९०७ साली भिल्ली बोलींच्या शेजारी जागा मिळाली. गुजरातीशी असलेले तिचे नाते हे त्याचे कारण. सुरतकरांच्या कानांना याचे नवल वाटू नये. पुढे १९१३ ते १९२९ या काळात सर्वेक्षणाच्या निमित्ताने देशातील अनेक बोली तबकड्यांवर घेतल्या गेल्या. पुष्कळदा बोलणाऱ्यास बायबलातील उधळ्या पुत्राची कथाच आपल्या बोलीत सांगावी लागे. तुलनेस ते सोयीचे होते. पण त्यातून उच्चार टिकले, थट्टा टिकली नाही.

दुसरी वाट रंगमंचाची. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्यास आले आणि गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरला. गाणे तीन मिनिटांत बसविता येई. तमाशातील सोंगाड्याची बतावणी मात्र हजरजबाबीपणावर चालते आणि समोरच्या हशावर वाढते. तबकडीची एक बाजू तिला अपुरीच.

या संदर्भात शाहीर कृष्णराव साबळे यांचे स्मरण होते. त्यांचा जन्म १९२३ साली वाईजवळील पसरणीचा, पण शाळकरी वयातील काही वर्षे अमळनेरची. तेथेच साने गुरुजींचा सहवास त्यांना लाभला. अमळनेर आपल्या सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. गायन आणि विनोद ही दोन्ही अंगे त्यांच्या ठायी एकवटली होती. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’ यांसारख्या मुक्तनाट्यांतून त्यांनी बोलभाषेतील उपरोधास प्रतिष्ठा दिली. २०१५ साली ते निवर्तले. त्यांनी गायिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झाले. त्या मुद्रणात त्यांचा पहाडी आवाज आहे. बतावणीतले मिस्किल साबळे त्यात कसे असणार?

आपल्या घरांचेही असेच होऊ घातले आहे. लग्नकार्यांची छायाचित्रे आपण जपली, आजीचे बोलणे जपले नाही. आज तीन मिनिटांची अट नाही, यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. मात्र घरातल्या वृद्धांना ‘काही चांगले बोला’ असे सांगू नये. त्या क्षणी ते पुस्तकी होतात. भागळच्या बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस कशी केली, ते विचारावे, आणि आपण मनमोकळे हसावे. बोली त्या हशातच सापडेल.